चौघांचं एकच उत्तर

निवृत्त झाल्यावर मी चीनमधल्या मुलांच्या इंग्रजीची परीक्षा घेऊ लागले, हे आमच्या काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत कुणाला सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे तुम्हाला चिनी येतं?" मला चिनी येत नाही. न येणं हीच त्या कामाची अट होती. परीक्षकाला मुलांची भाषा येत असली की तो नकळत मदत करतो, असं कंपनीचं म्हणणं.

काम माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे मिळालं. मी इथल्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ही त्यातल्याच एका बॅचची, आता नोएडात परीक्षा घेणाऱ्या एका कंपनीत आहे. तिने एक दिवस फोन केला. "मॅम, आप दिनभर करती क्या हैं?" मी म्हटलं, भाजी निवडते आणि वहिनीशी गप्पा मारते. ती म्हणाली, "फिर तो आप मेरे काम की हैं."

शाळा चीनच्या मधल्या भागातल्या एका शहरातली. शेवटच्या वर्षाची सतरा-अठरा वर्षांची मुलं. त्यातल्या ज्यांना शिकायला बाहेरच्या देशात जायचं असतं, त्यांची शाळा हिवाळ्यात स्वतःची एक तोंडी परीक्षा घेते. परीक्षक बाहेरचा असतो, व्हिडिओवर. त्या गुणांवरून कुणासाठी शिफारसपत्र लिहायचं ते शाळा ठरवते. प्रत्येक मुलाला बारा मिनिटं. आधी सोपे प्रश्न, मग एक कार्ड निवडून त्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं, मग त्यावर थोडी चर्चा. मी प्रश्न कागदावर आहे तसाच वाचायचा. मुलाला कळला नाही तर एकदा पुन्हा वाचायचा. समजावून सांगायचं नाही, मान डोलवायची नाही, आणि मूल बोलत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम मी मोडला, म्हणून हे सगळं सांगते आहे.

यजमान गेल्यावर मी माहेरच्याच घरी वरच्या मजल्यावर राहायला आले. खाली दादा आणि वहिनी. दादा वैदिक. पंचाहत्तरी जवळ आली तरी सकाळी सहा-सात मुलांना संथा देतो. तो एक ओळ म्हणतो, मुलं ती ठरलेल्या वेळा म्हणतात, आणि असं वर्षानुवर्षं. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यांचे आठ म्हणजे आमचे साडेपाच. त्यामुळे माझी परीक्षा आणि दादाची संथा साधारण एकाच वेळी चालायची. आवाज वर येऊ नये म्हणून मी माझं दुकान सामानाच्या खोलीत थाटलं होतं. त्या खोलीला खिडकी नाही. दारावर मी दोन जुन्या रजया टांगल्या होत्या. एका खोक्यावर लॅपटॉप, मागे पांढरी चादर, अंगावर कॉलेजात नेसायचे तशी कडक साडी आणि कॅमेऱ्याच्या खाली पायात लोकरीचे मोजे. वहिनी पहिल्या दिवशी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "वन्सं, तुम्ही तर टीव्हीवर बातम्या सांगायला बसल्यासारख्या दिसता."

गेल्या हिवाळ्यात एका आठवड्यात मला पन्नासेक मुलं तपासायची होती. पहिल्याच दिवशी एक चष्मेवाला मुलगा आला. युनिफॉर्मवर जाड जाकीट, हात बाह्यांत ओढून घेतलेले. त्यानं कार्ड निवडलं: तुम्हाला काहीतरी उपयोगी शिकवणारी व्यक्ती. त्यानं श्वास घेतला आणि सुरुवात केली. त्याच्या आजोबांनी त्याला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं होतं. रविवारची दुपार, अंगणात पालथी घातलेली सायकल, पाण्यानं भरलेलं घमेलं. आजोबा ट्यूब पाण्यात बुडवून हळूहळू फिरवत होते. म्हणाले, डोळ्यांनी शोधू नकोस, बुडबुडे येईपर्यंत थांब. मग एका जागी बारीक बुडबुडे वर आले.

मी मान डोलवली नाही, पण मला ते फार आवडलं. बाकी मुलं आईच्या कष्टांबद्दल आणि शिक्षकांच्या थोर शिकवणीबद्दल बोलत होती. या मुलाकडे घमेलं होतं, बुडबुडे होते. मी त्याला प्रवाहाला, म्हणजे न अडखळता बोलण्याला, दहापैकी नऊ दिले.

त्याच दिवशी, तीन-चार मुलांनंतर, सर्दी झालेली एक मुलगी आली. तिचं कार्ड वेगळं होतं: तुम्हाला दुरुस्त करता येणारी एखादी वस्तू. तिलाही सायकल दुरुस्त करता येत होती. रविवारची दुपार होती. घमेलं होतं. बुडबुडे येईपर्यंत थांब, असं तिच्याही आजोबांनी सांगितलं होतं.

मला वाटलं, एखाद्या गोष्टीच्या पुस्तकात असेल. फॉर्मवर एक चौकोन असतो, "पाठ केलेलं उत्तर". त्यात खूण केली की दुसरा, म्हणजे कार्डाचा भाग शून्य धरतात आणि त्या मुलाचं नाव शिफारशीच्या यादीत जात नाही. मी खूण केली नाही. एकदा शंकेचा फायदा द्यावा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एक उंच मुलगा आला. कार्ड होतं, तुमच्या ओळखीची एक वृद्ध व्यक्ती. पुन्हा पालथी सायकल, शब्दाला शब्द. मला राग येऊ लागला. या मुलांना इतकी वर्षं शिकवून कुणी एवढंही सांगितलं नाही का, की चोरी करायची तर निदान घमेल्याऐवजी बादली म्हणावं? मी खूण केली. मग मागे जाऊन त्या दोघांच्या फॉर्मवरही केली. चष्मेवाल्याचे नऊ खोडताना जरा वाईट वाटलं. त्याच्यापेक्षा जास्त वाईट मी फसले याचं वाटलं.

आणि लगेच चौथी आली. बारीक अंगाची, केस कानामागे घट्ट बांधलेले, आवाज इतका लहान की मी हेडफोनचा आवाज वाढवला. सोप्या प्रश्नांना तिनं एका-एका वाक्यात उत्तरं दिली. मग कार्ड: तुम्हाला काहीतरी उपयोगी शिकवणारी व्यक्ती. ती म्हणाली, "माझ्या आजोबांनी मला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं. रविवारची दुपार होती."

मी म्हटलं, "थांब. हे मी ऐकलं आहे. दुसरं काही सांग."

ती थांबली. पडद्यावर वेळ दाखवणारा आकडा असतो, तो सरकत राहिला. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. वर पाहिलं, मग टेबलाकडे. जवळजवळ दीड मिनिट ती काहीच बोलली नाही. मी तशीच बसून राहिले, कारण आता मला अचानक नियम आठवला होता, की मध्ये बोलायचं नाही. चर्चेच्या प्रश्नांना तिनं हो आणि नाही एवढंच म्हटलं. संपल्यावर म्हणाली, "थँक यू, टीचर." मग आणखी काहीतरी म्हणाली, पण वेळ संपली होती आणि पडदा काळा झाला. मी खूण केली, प्रवाहाला तीन दिले आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

दुपारी जेवण झाल्यावर मला चैन पडेना. रेकॉर्डिंग परीक्षकाला एक दिवस ऐकता येतं. मी हेडफोन लावून शेवट ऐकला. ती म्हणत होती, "बट इट इज माय." आणि तिथे आवाज तुटला.

पण ते माझं आहे. व्याकरणाप्रमाणे "माइन" हवं होतं. आधी मला ते अर्धवट तुटलेलं वाक्य वाटलं, "पण ते माझं अमुक आहे" असं काहीतरी. पुन्हा ऐकल्यावर वाटलं की वाक्य पूर्णच होतं. मग मी सुरुवातीपासून ऐकलं आणि माझा स्वतःचा आवाज ऐकला. "थांब. हे मी ऐकलं आहे." वर्गात कॉपी पकडल्यावर माझा जो आवाज लागायचा, तोच. बत्तीस वर्षं तो आवाज मी बाकांच्या पुढून काढला होता, बाकावर बसून कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी खाली गेले. दादा ओसरीवर स्वेटर घालून शेंगा सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "तुमच्याकडे पाठ असणं हा गुन्हा आहे का?"

"अरे दादा, तिथे स्वतःचं बोलायचं असतं."

"मग तिनं स्वतःचंच पाठ केलं असेल तर?"

मी विचारलं, "तुझ्याकडे कसं ओळखतोस? कुणाला खरंच येतं आणि कोण शेजारच्याच्या सुरात सूर मिसळतो ते?"

"त्यात काय ओळखायचं आहे? मधूनच कुठला तरी शब्द देतो आणि म्हणतो, इथून म्हण. ज्याला येतं तो जरा अडखळतो आणि म्हणतो. ज्याला येत नाही तो पहिल्या ओळीवर जाऊन पुन्हा सुरुवात करायला बघतो." शेंगेचं टरफल सुपात टाकून तो म्हणाला, "तू तर तिला सुरुवातीलाच गप्प केलंस. मधूनच विचारायला हवं होतंस."

तो रागावून बोलला नव्हता. मी वर जाऊन लॅपटॉप उघडला.

त्या शाळेच्या बाजूनं एक शिक्षिका होती, परीक्षांची व्यवस्था पाहणारी. आमचं बोलणं मेलवरच व्हायचं, फार आदबशीर. मी तिला लिहिलं की चार विद्यार्थ्यांनी एकच उत्तर दिलं, चौघांच्या फॉर्मवर मी खूण केली आहे, पण चौथीच्या वेळी मी नियम मोडून तिला मध्येच थांबवलं, म्हणून तिची परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि शक्य असेल तर चौघांचीही. मेल पाठवण्याआधी नोएडाला फोन केला. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅम, टोकलं असं लिहू नका ना. क्वालिटीवाले रेकॉर्डिंग काढतील. तुमच्या नावावर लागेल ते."

"लागू दे," मी म्हटलं. धिटाईनं म्हटलं, पण मेल पाठवायच्या आधी ती तीनदा वाचली. मला ते काम आवडू लागलं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सकाळी उठून कुणीतरी माझी वाट पाहत होतं.

शिक्षिकेचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोनच ओळी होत्या. आपल्या काटेकोरपणाबद्दल आभार. गुण मुख्याध्यापकांकडे गेले आहेत, आता बदल करणं अवघड आहे.

पुढचे दोन दिवस मी उरलेली मुलं तपासली. कुणी आजोबांचा उल्लेख केला की मी दचकायचे. पण पंक्चर पुन्हा आलं नाही. प्रत्येक मूल बोलताना मी दोन्ही ओठ दातांखाली धरून बसायचे. दुपारी वहिनी विचारायची, "आज काय झालं? भात तसाच ठेवलात." मी म्हणायचे, भूक नाही. ती मुलगी आता काय करत असेल, घरी काय सांगितलं असेल, हेच डोक्यात फिरत राहायचं. माझ्या एका खुणेनं यादीतून तिचं नाव गेलं असेल आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. परीक्षकाला फक्त नंबर दिसतो.

शनिवारी दुपारी शिक्षिकेचा फोन आला. मेल नाही, थेट व्हिडिओ. चाळिशीची असावी, डोळ्यांखाली काळं, मागे वह्यांचे गठ्ठे. तिनं आधी हवेची चौकशी केली. मग म्हणाली, "ते उत्तर त्या मुलीचं आहे. मागच्या वर्षी तिनं निबंधात लिहिलं होतं. फार चांगलं होतं. मी वर्गात वाचून दाखवलं. नमुना म्हणून त्याच्या प्रती काढून सगळ्यांना वाटल्या. मीच सांगितलं की असं लिहा."

"आणि त्यांनी तेच पाठ केलं."

"तिघांनी. मी त्यांना विचारलं. त्यांना वाटलं, शिक्षकांनी दिलेलं आहे म्हणजे वापरायला हरकत नाही." तिनं चष्मा काढला. "तुमची मेल आली तेव्हाच मला कळलं होतं. मुख्याध्यापकांना सांगायला मला दोन दिवस लागले. चूक माझी होती, ती सांगावी लागणार होती."

मी म्हटलं, "मलाही माझी सांगावी लागली."

ती पहिल्यांदा हसली. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली होती. चौघांची तोंडी परीक्षा पुन्हा, उद्या रविवारी सकाळी, त्यांच्या आठ वाजता. कार्डावरचं बोलणं झाल्यावर मला चार प्रश्न माझ्या मनानं विचारण्याची सूट होती. फोन बंद केला. मग खाली जाऊन वहिनीला म्हटलं, काही उरलं असेल तर वाढा.

रविवारी पाच वाजता उठले. लॅपटॉप उघडला तर नेट नाही. गच्चीवर जाऊन पाहिलं. माकडांनी केबल ओढून मधोमध चावली होती. आमच्याकडे हे महिन्यातून एकदा होतंच, त्याचं नवल नाही, पण त्या दिवशी मला रडू यायचं बाकी राहिलं. मोबाइलला वरच्या मजल्यावर नीट सिग्नल नसतो. खाली ओसरीवर मात्र चांगला मिळतो, आणि ओसरीवर दादाची मुलं संथेला बसलेली होती.

मी जिन्यावर उभी राहिले. दादानं माझ्या हातातला लॅपटॉप पाहिला. त्याची संथा एकदा सुरू झाली की तो मध्ये थांबत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. घरात कुणी आजारी असतानाही तो ठरलेल्या जागेपर्यंत म्हणूनच उठायचा. त्यानं चालू ओळ पूर्ण केली, मुलांकडून ती पूर्ण करून घेतली आणि म्हणाला, "आता तासभर कुणी बोलायचं नाही. मनात म्हणा." मग मला म्हणाला, "ये. इथे भिंतीला टेकून बस." मुलं सतरंजीवर मांडी घालून, डोळे मिटून बसली. वहिनीनं दाराला कडी लावली, म्हणजे दूधवाल्यानं आत येऊन हाक मारू नये.

पहिली तीच आली. मला पाहून तिनं मान खाली घातली. मी सोपे प्रश्न वाचले. मग तिनं कार्ड निवडलं. या वेळी होतं, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू. ती जेमतेम चार वाक्यं बोलली. मी तिला पूर्ण करू दिलं. मग मी माझा पहिला प्रश्न विचारला, जो मी रात्रभर मनात घोळवला होता.

"सायकलचं पंक्चर काढताना तुझ्या आजोबांनी जे घमेलं घेतलं होतं, ते आता कुठे आहे?"

तिनं वर पाहिलं. निबंधात हे कुठेही नव्हतं. क्षणभर ती अडखळली, आणि मग बोलू लागली. मी तिचं बोलणं मराठीत सांगते आहे, त्यात त्यातली गंमत जाते. तिच्या इंग्रजीत भूतकाळ नव्हताच, सगळं आत्ताच घडत होतं. "घमेलं आजीचं आहे. आजी त्यात भाजी धुते. ती विचारत नाही, ती घेते. आजी बाजारातून येते आणि बघते, भाजीच्या घमेल्यात काळं पाणी. आजी खूप ओरडते. ती मला म्हणते, सांगू नको. पण माझ्या हातावर पण काळं आहे."

मला क्षणभर कळेना की विचारत नाही, घेते, सांगू नको म्हणते, ही "ती" कोण. मग लक्षात आलं. "ती" म्हणजे आजोबा. आजोबांना ती सरसकट "शी" म्हणत होती. पाठ केलेल्या उत्तरात त्या तिघांपैकी कुणाचीही ही चूक झाली नव्हती. चिनी बोलण्यात तो आणि ती यांचा उच्चार एकच असतो, त्यामुळे आमच्या मुलांचा बोलता बोलता नेहमी गोंधळ होतो, असं नंतर शिक्षिकेनं सांगितलं.

मला तो गोंधळ अगदी ओळखीचा वाटला. आम्ही काशीतली मराठी मुलं हिंदीत वाढलो. सुट्टीत पुण्याला मामाकडे गेलं की मी "माझी पुस्तक" म्हणायचे, कारण हिंदीत किताब काय, पुस्तक काय, दोन्ही ती. मामेभावंडं हसून लोळायची. आजही घाईत बोलताना माझ्या तोंडून तसं काहीतरी निसटतं. जे मी जपून बोलते त्यात चूक नसते. मनातलं बोलायला लागले की होते.

मी दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. घमेल्याला आता भोक पडलं आहे, आजी त्यात कांद्याची पात लावते. आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले. ती म्हणाली, "शी इज डाय टू इयर." सायकल भावानं नेली. ती स्वतः अजून पंक्चर काढू शकते, पण आता घरात कुणाकडे सायकल नाही. हे सांगताना तिचा आवाज लहान नव्हता. हेडफोनमधून मला नीट ऐकू येत होतं. वेळ संपायच्या आधी ती थांबली आणि म्हणाली, "टीचर, माझी चूक होते आहे का?"

नियमाप्रमाणे उत्तर द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "तू बोलत राहा."

बाकीचे तिघंही आले. चष्मेवाल्याला मी विचारलं की तुझ्या आजोबांची सायकल कुठल्या रंगाची. तो लाल झाला. म्हणाला, "माझ्या आजोबांना सायकल येत नाही. ते गाडी चालवतात, तीही फार हळू." आणि मग त्या हळू चालणाऱ्या गाडीबद्दल, मागून हॉर्न वाजवणाऱ्या लोकांबद्दल तो इतकं छान बोलला की मला हसू आवरेना. कॅमेरा चालू होता, मी खोकल्यासारखं केलं. सर्दीवाल्या मुलीची सर्दी गेली होती. ती तिच्या धाकट्या बहिणीच्या गणिताबद्दल बोलली. उंच मुलगा सर्वांत कमी बोलला, पण जे बोलला ते त्याचं होतं. चौघांच्या फॉर्मवरचा चौकोन मी रिकामा ठेवला. त्या मुलीला प्रवाहाला आठ दिले, व्याकरणाला पाच. पाचापेक्षा जास्त देणं खरेपणाचं झालं नसतं.

लॅपटॉप मिटला तेव्हा सात वाजत आले होते, म्हणजे तासभर म्हणता म्हणता जवळजवळ दीड तास झाला होता. दादाच्या मुलांपैकी दोघं बसल्या बसल्या झोपले होते. दादा जागा होता. म्हणाला, "झालं?"

"झालं."

"मधून विचारलंस?"

"विचारलं."

त्यानं मान हलवली, झोपलेल्यांच्या पाठीवर हळूच थाप मारली आणि जिथे सोडली होती त्याच्या पुढच्या ओळीपासून सुरुवात केली. वहिनीनं कडी काढली.

मला घरात बसवेना. शाल घेऊन मी बाहेर पडले. गल्लीतून चौखंब्याच्या बाजूला गेले. हिवाळ्यात तिथे सकाळी मलइयो मिळतं, दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात. तोंडात घातला की विरघळतो, पोटात काहीच जात नाही. ऊन चढलं की तोही उरत नाही. विकणारा एक मोठा चमचा जास्तीचा घालून म्हणाला, "आज बहुत दिन बाद, बहनजी." मी उभ्या उभ्या दोन कुल्हड संपवले. मग जवळच्या दुकानातून कचोरी घेतली. तीही तिथेच खाल्ली. चार दिवसांची भूक एकदम लागली होती.

मंगळवारी मेल आली. बदललेले गुण स्वीकारले होते. चौघांची नावं यादीत गेली होती. त्या शिक्षिकेनं खाली स्वतःहून लिहिलं होतं की यापुढे ती वर्गात नमुन्याच्या प्रती वाटणार नाही, फक्त वाचून दाखवेल. त्या मुलीनं परीक्षेनंतर तिला विचारलं होतं की तिचा निबंध तिला परत मिळेल का, मूळ प्रत, आणि शिक्षिकेनं ती शोधून दिली होती.

नोएडाहून पत्र यायचं ते आलंच. विद्यार्थ्याला मध्येच टोकल्याबद्दल समज, आणि परीक्षकांचं प्रशिक्षण पुन्हा एकदा पूर्ण करावं. माझी विद्यार्थिनी फोनवर चाचरत म्हणाली, "मॅम, बुरा मत मानिएगा." मी म्हटलं, अगं, मला तर वाटलं होतं काढून टाकाल. प्रशिक्षण म्हणजे तीन तासांचे व्हिडिओ होते. मी ते सगळे पाहिले. शेवटी माझीच एक छोटी तोंडी परीक्षा झाली. एका अनोळखी तरुण मुलानं मला इंग्रजीत नियम विचारले आणि मी पाठ केल्यासारखी धडाधड उत्तरं दिली. मग त्यानं कागद बाजूला ठेवून विचारलं की मध्ये बोलायचा मोह झाला तर तुम्ही काय कराल. मी जरा थांबले. मग म्हटलं की दोन्ही ओठ दातांखाली धरते.

तो हसला आणि त्यानं मला पास केलं. पुढच्या सोमवारी नवी बॅच सुरू झाली. केबल दुरुस्त झाली होती, मी वरच्या खोलीत रजया पुन्हा टांगल्या, आणि साडेपाचला पहिल्या मुलाला म्हटलं, गुड मॉर्निंग.